वाटेवरचं स्टेडियम शोधणारं साधन करतोय – 'जवळ' कशाला म्हणायचं?

भटका_प्रेक्षक

नमस्कार मंडळी,

प्रवास आखताना मुक्काम ठरला की मी आधी नकाशा उघडतो आणि आसपास कुठलं स्टेडियम आहे ते बघतो. सामना असेल तर उत्तमच. नसेल तरी रिकाम्या स्टँडमध्ये तासभर बसायला मला मनापासून आवडतं. एकदा एका शहरात चार दिवस राहिलो आणि परतीच्या गाडीच्या खिडकीतून फ्लडलाइटचे खांब दिसले. दिवे लागले होते, लोक रांगेत उभे होते. म्हणजे चारही दिवस ते मैदान माझ्या मुक्कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं आणि मला पत्ता नव्हता. ती रुखरुख अजून गेलेली नाही. म्हणून हे साधन करायला घेतलं.

सध्या ते एवढंच करतं: तुम्ही ठिकाण आणि तारखा द्यायच्या, ते ५० किलोमीटरच्या आतली स्टेडियम अंतरानुसार लावून दाखवतं. खेळ निवडता येतो, किमान आसनक्षमताही देता येते.

यादी चुकीची येत नाही, पण उपयोगी येतेच असं नाही. इस्तंबूलचं उदाहरण घ्या. बेशिक्ताश या फुटबॉल क्लबचं स्टेडियम युरोपच्या बाजूला आणि फेनेरबाचे क्लबचं आशियाच्या बाजूला. यादीत दोन्ही शेजारी शेजारी दिसतात, पण मधे बोस्फरसची सामुद्रधुनी आहे. सरळ रेषेचं अंतर तिथे प्रवाशाला काहीच सांगत नाही. उलट नॉटिंगहॅममध्ये ट्रेंट नदीच्या एका काठावर मेडो लेन हे फुटबॉल स्टेडियम, दुसऱ्या काठावर सिटी ग्राउंड हे दुसरं आणि त्याला लागूनच ट्रेंट ब्रिजचं क्रिकेट मैदान. पूल ओलांडून तिन्ही मैदानं एका फेरीत पायी होतात. तिथे नदी आडवी येऊनही काही बिघडत नाही.

तर प्रश्न असा की 'जवळ' मोजायचं कशात? किलोमीटरमध्ये, मिनिटांत, की आणखी कशात?

---

अक्षांश

उपक्रम फार आवडला. आधी गणिताचा पाया तपासून घेऊ, कारण वरचं सगळं त्यावर उभं आहे.

दोन बिंदूंमधलं अंतर हॅवर्साइन सूत्राने (पृथ्वी गोल धरून पृष्ठभागावरचं अंतर देणारं सूत्र) काढत असाल आणि पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किमी धरत असाल तर पुरेसं आहे. पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी असल्याने जी चूक येते ती साधारण अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. स्टेडियम शोधायला त्याहून बारीक हिशेबाची गरज नाही.

तीन ठिकाणी मात्र हमखास घोटाळा होतो.

पहिलं म्हणजे क्रम. जिओजेसन या नकाशाची माहिती साठवण्याच्या फाइलप्रकारात आधी रेखांश, मग अक्षांश लिहितात. माणसं आणि बरेचसे नकाशे उलट क्रमाने लिहितात. एका ठिकाणी अदलाबदल झाली की स्टेडियम समुद्रात जाऊन पडतं.

दुसरं, शोधाची चौकट अंशांमध्ये आखताना. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे जवळपास १११ किमी असतो, पण रेखांशाचा अंश ध्रुवाकडे जाताना आक्रसत जातो. ६० अक्षांशावर तो निम्मा, म्हणजे साडेपंचावन्न किमीच्या आसपास राहतो. दोन्हीकडे सारखेच अंश धरलेत तर हेलसिंकीमध्ये शोधताना पूर्व-पश्चिमेची मैदानं सुटतील.

तिसरं, १८० रेखांश. फिजीची बेटं या रेषेच्या दोन्ही बाजूंना आहेत. चौकटीची डावी कड १७९ आणि उजवी कड उणे १७९ आली की 'डावी कड उजवीपेक्षा लहान' हे गृहीतक मोडतं आणि यादी रिकामी येते.

आणि डेटाबेसात खास भौगोलिक इंडेक्स वगैरे घालायच्या मागे लागू नका. जगातली सगळी मोठी स्टेडियम एका साध्या फाइलमध्ये मावतात. प्रत्येकाचं अंतर काढून क्रम लावला तरी फोनवर डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतं. फायदा असा की शोध फोनवरच होईल आणि कोण कुठे कधी जाणार आहे हे कुठल्याच सर्व्हरला सांगावं लागणार नाही.

---

भटका_प्रेक्षक

@अक्षांश, दुसरी चूक माझ्याकडे होतीच. आत्ता दुरुस्त केली. शोध फोनवरच ठेवण्याचा मुद्दा पूर्ण पटला. लोक घरापासून दूर असण्याच्या तारखा यात टाकतात, त्या बाहेर जाऊच नयेत.

---

नकाशावेडी

माहिती कुठून घेताय हे लिहिलं नाहीत. ओपनस्ट्रीटमॅपवरून, म्हणजे लोकांनी मिळून काढलेल्या खुल्या नकाशावरून घेत असाल तर मी तिथे बरीच वर्षं नकाशे काढते, त्यामुळे चार गोष्टी सांगते.

तिथे 'लेझर' (leisure, फुरसत) या किल्लीखाली, म्हणजे माहितीच्या वर्गाखाली, 'स्टेडियम' असा टॅग असतो. पण त्याच किल्लीखाली 'पिच' आणि 'स्पोर्ट्स सेंटर' पण असतात, आणि कोणी काय लावलंय ते काढणाऱ्यावर अवलंबून असतं. एकाच स्टेडियमची इमारत वेगळी, आतलं मैदान वेगळं, आवार वेगळं, असे तीन-तीन आकार काढलेले असतात. सगळे उचललेत तर यादीत एकच स्टेडियम तीनदा दिसेल. एकमेकांच्या आत बसणारे आकार आधी एकत्र करा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्टेडियम हा बिंदू नसतो. तुम्ही आकाराचा मध्य घेत असणार, आणि तो येतो खेळपट्टीवर. तिथे प्रेक्षक जाऊच शकत नाही. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडसारख्या १ लाखाच्या स्टेडियमला वळसा घालायलाच बराच वेळ लागतो. चुकीच्या बाजूच्या फाटकाशी उतरलात तर 'जवळ' हा शब्द तिथेच संपतो. शक्य तिथे 'एन्ट्रन्स' टॅग असलेले बिंदू घ्या आणि अंतर त्यांच्यापासून मोजा. सगळीकडे ते काढलेले नाहीत, हे खरं.

आसनक्षमता, खेळ, घरचा संघ यासाठी विकिडेटा हा खुला माहितीसंग्रह जोडा. तिथली माहिती सीसी-शून्य आहे, कुठलीही अट नाही. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती ओडीबीएल परवान्याखाली आहे, तेव्हा श्रेय ठळक दिसेल असं द्या. आणि पत्ता शोधायला नॉमिनॅटिमचा सार्वजनिक सर्व्हर वापरत असाल तर सेकंदाला एकापेक्षा जास्त विनंती पाठवायची नाही हा नियम पाळा. तो सर्व्हर सगळ्यांच्या देणग्यांवर आणि श्रमांवर चालतो.

---

ऑफसाइड

नावांबद्दल कोणीच बोललं नाही अजून, आणि माझ्या मते खरी गुंतागुंत तिथे आहे.

म्युनिकचं अलियान्झ अरीना युरो २०२४ या फुटबॉल स्पर्धेत 'म्युनिक फुटबॉल अरीना' होतं, कारण त्या स्पर्धेत प्रायोजकाचं नाव स्टेडियमला चालत नाही. २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळापत्रकात मेटलाइफ स्टेडियम शोधलंत तर सापडणार नाही, तिथे 'न्यू यॉर्क न्यू जर्सी स्टेडियम' आहे. ते उभं आहे ईस्ट रदरफोर्डला, न्यू जर्सी राज्यात. न्यू यॉर्क नाव लावणारे अमेरिकन फुटबॉलचे जायंट्स आणि जेट्स हे दोन्ही संघ तिथेच खेळतात. संघाच्या नावावरून स्टेडियमचं शहर ठरवलंत तर माणूस चुकीच्या राज्यात मुक्काम घेईल.

उलटही होतं. मँचेस्टरला ओल्ड ट्रॅफर्ड दोन आहेत, एक फुटबॉलचं, एक क्रिकेटचं, आणि दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर. 'ओल्ड ट्रॅफर्ड' नावाचं ट्रॅमचं स्थानक क्रिकेटच्या मैदानाला लागून आहे. नुसत्या नावावर जोडणी केलीत तर एकाचे सामने दुसऱ्याच्या खात्यात जातील.

आणि संघ ते स्टेडियम हे नातं कायमचं धरू नका. सॅन सिरोवर इंटर आणि मिलान दोघांचे घरचे सामने होतात, म्हणजे एका स्टेडियमचे दोन संघ. टॉटनहॅमचं जुनं व्हाइट हार्ट लेन २०१७ मध्ये पाडलं, नवं स्टेडियम एप्रिल २०१९ मध्ये उघडलं, मधल्या काळात ते वेम्ब्लीवर खेळले. बार्सिलोना २०२३ पासून दोन हंगामांहून जास्त काळ कँप नोऊ सोडून माँट्जुइकच्या ऑलिंपिक स्टेडियमवर होते. एव्हर्टनचा पुरुष संघ २०२५ मध्ये गुडिसन पार्कमधून बंदरालगतच्या नव्या स्टेडियमवर गेला आणि गुडिसन पार्क महिला संघाचं घर झालं. म्हणजे तिथे 'एव्हर्टन कुठे खेळतं' याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही बरोबर. विकिडेटात 'होम व्हेन्यू'ला सुरुवातीची आणि शेवटची तारीख लावता येते. प्रवासाच्या तारखेशी ती ताडून बघितल्याशिवाय संघ दाखवूच नका.

---

तिसरा_पंच

ऑफसाइड यांच्याशी शंभर टक्के सहमत. क्रिकेटमध्येही तेच आहे. दिल्लीच्या फिरोजशाह कोटलाला २०१९ मध्ये अरुण जेटली स्टेडियम नाव मिळालं, अहमदाबादचं मोटेरा २०२१ मध्ये नरेंद्र मोदी स्टेडियम झालं. लोक अजून जुन्या नावाने शोधतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. जुनी नावं शोधात चाललीच पाहिजेत.

माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. 'किमान आसनक्षमता' ही गाळणी डीफॉल्ट ठेवू नका. क्रिकेटची सुंदर मैदानं बरेचदा स्टेडियम नसतातच. स्कारबरोला समुद्राजवळ नॉर्थ मरीन रोड आहे, यॉर्कशायर तिथे उन्हाळ्यात खेळतं. श्रीलंकेत गॉलला तर किल्ल्याच्या तटावर उभं राहून कसोटी बघता येते. आसनक्षमतेच्या आकड्यात हे कुठे बसणार? मला विचाराल तर प्रवासात अशी मैदानंच आधी दाखवावीत. मोठी स्टेडियम लोकांना तशीही सापडतात.

उंचीही दाखवा. धरमशालाचं मैदान समुद्रसपाटीपासून साडेचौदाशे मीटरच्या आसपास आहे, घाटरस्त्याने जावं लागतं, तिथे किलोमीटरवरून वेळेचा अंदाजच येत नाही. बोलिव्हियातल्या ला पाझच्या एर्नांदो सिलेस स्टेडियमची उंची ३६०० मीटरहून जास्त आहे. तिथे विमानातून उतरून त्याच संध्याकाळी सामन्याला जायचं ठरवणाऱ्याला आधी कळलं पाहिजे की पायऱ्या चढताना दम लागेल.

---

भटका_प्रेक्षक

गॉलचं वाचून ठरवलं, गाळणी काढून टाकतो. उंचीचा रकाना आज रात्रीच घालतो. नावांसाठी वेगळा तक्ता करतोय: चालू नाव, जुनी नावं, स्पर्धेपुरतं नाव, प्रत्येकाला तारखा.

पण मूळ प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही. किलोमीटर नको हे दिसतंच आहे. मग मिनिटं?

---

रेल्वेफलाट

मिनिटं, पण कुठून कुठे? यावरच मला सविस्तर लिहायचं होतं.

तुम्ही शोधाचं केंद्र मुक्कामाला धरता. प्रवासी मात्र एका जागी बसलेला नसतो. तो सकाळी 'अ' गावातून निघतो आणि रात्री 'ब' गावात पोचतो. त्याच्यासाठी जवळचं स्टेडियम म्हणजे ज्यासाठी वाट कमीत कमी वाकडी करावी लागते ते. हे मोजताही येतं. 'अ' ते स्टेडियमचा वेळ, अधिक स्टेडियम ते 'ब'चा वेळ, उणे 'अ' ते 'ब'चा थेट वेळ. जो आकडा येईल तो 'वाकडी वाट'. अ पासून ९० किमीवर असलेलं स्टेडियम हमरस्त्यालगत असेल तर हा आकडा दहा मिनिटंही येणार नाही. तुमच्या ५० किमीच्या वर्तुळात ते कधीच दिसणार नाही. आणि वर्तुळातलं २० किमीवरचं, पण उलट दिशेचं मैदान तासभर खाईल.

मुक्काम एकाच जागी असेल तर 'ब' म्हणजे पुन्हा 'अ'. सूत्र तेच राहतं, फक्त जाऊन-येऊन वेळ होतो. म्हणजे दोन्ही प्रकारांना एकच मोजमाप पुरतं.

रस्त्याच्या वेळा काढायला ओएसआरएम किंवा व्हालहाला ही मुक्त इंजिनं आहेत. रस्त्याच्या रेषेभोवती एक पट्टा धरून आधी उमेदवार निवडा, मग फक्त त्यांचेच वेळ काढा, नाहीतर गणना फुगेल.

रेल्वे-बसने जाणाऱ्यांसाठी जीटीएफएस वेळापत्रकं (सार्वजनिक वाहतुकीची वेळापत्रकं ज्या ठरावीक साच्यात देतात तो) वापरावी लागतील, आणि इथे परतीचा प्रवास हाच कळीचा मुद्दा. जाताना दर दहा मिनिटांनी गाडी असते म्हणून परततानाही असेल असं नाही. रात्री आठला सुरू झालेला फुटबॉल सामना मध्यंतर आणि वाढीव वेळ धरून दहाच्या आसपास संपतो. बाद फेरीचा असेल आणि बरोबरी झाली तर अर्ध्या तासाचा जादा वेळ, वर पेनल्टी. फाटकातून बाहेर पडायला आणखी वेळ. तोवर शेवटची गाडी गेली तर?

एक बारकावा सांगतो, मी यात स्वतः अडकलो होतो. जीटीएफएसमध्ये मध्यरात्रीनंतरची गाडी आदल्याच दिवसाच्या सेवेत धरतात आणि वेळ २४ च्या पुढे लिहितात. रात्री १ वाजून १० मिनिटांची गाडी २५:१० अशी असते. माझ्या प्रोग्रॅमने ही वेळ 'अवैध' म्हणून टाकून दिली आणि शेवटची गाडी पावणेबाराची आहे असं दाखवलं. त्या भरवशावर मी सामना संपायच्या आधी उठून आलो. स्थानकावर पोचल्यावर फलकावर रात्री एकची गाडी दिसत होती. मागून गोल झाल्याचा आवाज ऐकू आला तो आजही आठवतो.

---

अक्षांश

रेल्वेफलाट, सूत्र अगदी चोख आहे. एक सुचवणी: आकडा एकच दाखवू नका, जायचा आणि यायचा वेळ वेगवेगळा दाखवा. बेरीज सारखी असली तरी 'जाताना २० मिनिटं, येताना ७०' आणि 'दोन्ही वेळा ४५' यात माणूस निवड वेगळी करेल.

---

ऑफसाइड

आणि सामन्याची तारीख पक्की की तात्पुरती, ते लिहाच. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये टीव्ही प्रक्षेपणासाठी सामने शनिवारचे रविवार किंवा सोमवारी सरकतात. अमेरिकेत एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये हंगामाच्या मध्यावर सामन्याची वेळ बदलण्याची रीतसर तरतूद आहे. विमानाचं तिकीट काढून बसलेल्या माणसाला हे आधी दिसायला हवं. मी तर म्हणेन की तारीख पक्की नसेल तर तो सामना वेगळ्या रंगात दाखवा.

सामन्याची वेळ तिथल्या स्थानिक वेळेतच दाखवा, हे वेगळं सांगायला नकोच. साठवताना फक्त फरकाचे तास साठवू नका, वेळक्षेत्राचं नाव साठवा. मधेच घड्याळं पुढे-मागे झाली की तासांचा हिशेब एका तासाने चुकतो.

---

तिसरा_पंच

कसोटीला पाच दिवस असतात, त्यामुळे तारखेची अडचण कमी. पण पाचव्या दिवसाचं तिकीट काढून जाणाऱ्याला सामना तिसऱ्या दिवशीच संपलेला असू शकतो. साधनात 'पहिले तीन दिवस' असा पर्याय द्या, मी तोच वापरेन.

स्टेडियमची टूर करणाऱ्यांसाठी नेमकं उलट. सामन्याच्या दिवशी बहुतेक मोठ्या स्टेडियमांत टूर बंद असते किंवा आखडती घेतात. म्हणजे एकाच तारखेला एकासाठी उत्तर 'जा' आणि दुसऱ्यासाठी 'नको'. आधी विचारा की सामना बघायचाय की वास्तू.

---

काना_मात्रा

मराठीत शोधता येणार आहे ना? आई-वडिलांना देणार असाल तर देवनागरी हवंच. माझ्या वडिलांना प्रत्येक मैदानावरचे डाव तोंडपाठ आहेत, पण रोमन लिपीत नाव टंकायला त्यांना जड जातं.

त्यासाठी थोडी तयारी लागेल. वेम्ब्ली, वेंब्ली, वेम्बली, तिन्ही लोक लिहितात. तुलना करण्याआधी अनुस्वार आणि जोडाक्षरातले म, न एकसारखे करून घ्या, ऱ्हस्व-दीर्घ सारखे धरा, ऑ आणि ओ सारखे धरा. 'ऱ्ह' हे अक्षर दोन पद्धतींनी साठवलं जातं: काही कळफलक नुक्त्याचा ऱ वापरतात, काही साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडक लावतात. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला मात्र वेगळे वाटतात आणि शोध रिकामा येतो.

ओपनस्ट्रीटमॅपवर मराठी नावासाठी वेगळी किल्ली आहे. फार थोड्या स्टेडियमांना ती भरलेली आहे. मी यादी करून भरायला घेते, नकाशावेडीताईंनी तपासून दिलं तर बरं होईल.

---

नकाशावेडी

@काना_मात्रा, जरूर. फक्त अंदाजाने लिप्यंतर करू नका, तिथले लोक नाव कसं उच्चारतात ते ऐकून लिहा. पन्नास-पन्नासचे गट करून पाठवा, मी बघून देईन.

---

चाकावरून

पहिल्यांदाच लिहितेय, आजवर वाचनमात्र होते. मी चाकाच्या खुर्चीवरून फिरते आणि मला खेळ प्रत्यक्ष बघायला अतिशय आवडतो.

'वाकडी वाट' हा शब्द वाचला आणि लिहावंसं वाटलं. माझ्यासाठी तो वेळ बहुतेकदा शेवटच्या पाचशे मीटरमध्ये जातो. नकाशावर स्थानकापासून स्टेडियम सात मिनिटं दिसतं. त्या वाटेत पादचारी पूल असतो, त्याला फक्त पायऱ्या. मग गाडीतून वळसा. नकाशावर स्टेडियमला 'व्हीलचेअर: होय' असं लिहिलेलं असतं, पण ते होय कुठल्या फाटकाला लागू आहे हे कुठेच नसतं. एकदा मला स्टेडियमच्या जवळपास पूर्ण प्रदक्षिणा घालावी लागली होती. माझ्या जागेवर पोचले तेव्हा पहिली पंधरा मिनिटं संपली होती.

एवढंच मागणं आहे: मिनिटं मोजताना पायऱ्या टाळून जाणारी वाट धरायचा पर्याय द्या, आणि अंतर माझ्या फाटकापासून मोजा.

---

नकाशावेडी

चाकावरून, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. पायऱ्यांच्या वाटांना नकाशात वेगळा टॅग असतो, व्हालहालाला चाकाच्या खुर्चीसाठीचा मार्गही काढता येतो. फाटकांची माहिती मात्र घरबसल्या भरता येत नाही, तिथे जाऊन बघावं लागतं. 'व्हीलचेअर' हा टॅग संपूर्ण स्टेडियमला न लावता प्रत्येक फाटकाला लावता येतो: होय, मर्यादित, नाही.

इथे जे जे सामन्यांना जातात त्यांना विनंती: जाल तिथे फाटकाचा क्रमांक, पायऱ्या आहेत का, उतार आहे का, एवढं टिपून आणा. नकाशात घालायचं काम माझ्याकडे.

---

भटका_प्रेक्षक

गेले दोन दिवस यावरच बसलो होतो. आतापर्यंत झालेलं:

यादी आता वाकड्या वाटेच्या मिनिटांनुसार लागते, जायचा आणि यायचा वेळ वेगळा. वर्तुळ काढून टाकलं, प्रवासाची सुरुवात आणि शेवट विचारतो. पायऱ्या टाळण्याचा पर्याय पहिल्याच पानावर ठेवला आहे, सेटिंगच्या आत लपवलेला नाही. फाटकाची माहिती नसेल तिथे 'फाटकाची माहिती नाही' असं स्पष्ट लिहून येतं, अंदाजाने काही दाखवत नाही. इस्तंबूलवर चालवून बघितलं, दोन्ही स्टेडियम आता यादीत वेगळी पडली, कारण सामुद्रधुनी ओलांडायचा वेळ धरला जातो.

शेवटच्या गाडीचं काम बाकी आहे. २५:१० नीट वाचलं जातं, पण जादा वेळेचा अर्धा तास फक्त बाद फेरीच्या सामन्यांना लावायचा तर सामन्याचा प्रकार कळायला हवा, आणि तो सगळ्या वेळापत्रकांत नसतो. रेल्वेफलाट, तोपर्यंत सरसकट अर्धा तास जास्त धरू का?

---

रेल्वेफलाट

सरसकट धरा. स्थानकावर अर्धा तास बसून राहायला लागलं तर चालेल.

---

चाकावरून

काल सामन्याला गेले होते, येताना दोन फाटकं टिपून आणली. उत्तरेचं: तीन पायऱ्या, उतार नाही. पूर्वेचं: उतार आहे, पण दार आतून उघडतात, बाहेर घंटा आहे, ती माझ्या खुर्चीवरून हाताला येते. नकाशावेडी, जागा आणि फोटो तुम्हाला निरोपात पाठवले आहेत.